हातपाय शाबूत आहेत, मग क्लेम कसला?

मागच्या अंकात फॅक्टरीतल्या अपघातांच्या भरपाईवर लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती की मनाला बसलेल्या धक्क्यालाही कायद्यात जागा निघू शकते. त्या एका ओळीवर इतके मेसेज आलेत की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. बहुतेक पत्रं ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि कंट्रोल रूममधल्या लोकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. नावं, गावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे मिस्टर ॲम्ब्युलन्सवर पायलट आहेत (ड्रायव्हरच, पण त्यांच्यात पायलट म्हणतात). कंत्राटी नोकरी, स्लिपवर २२,५०० पगार, वय ४०. मे २०२५ मध्ये हायवेवर वऱ्हाडाची जीप ट्रकखाली गेली तिथे यांची गाडी सगळ्यात आधी पोचली. सोबत एकच डॉक्टर, म्हणून यांनीच पत्रा वाकवून माणसं बाहेर काढली, त्यात दोन लहान मुलं गेलेली होती. परत आल्यावर गाडीही यांनीच पाईप लावून धुतली. तेव्हापासून झोप नाही, रात्री उठून बसतात, त्या रस्त्याने जायचं नाव काढलं तरी हात थरथरतात, मोठ्या मुलीला शाळेच्या जीपमध्ये बसू देत नाहीत. दोन महिने बिनपगारी घरी आहेत. सुपरवायझर म्हणतो, हातपाय शाबूत आहेत, क्लेम कसला करता, जमत नसेल तर राजीनामा द्या. खरंच काही मिळत नाही का?

उत्तर : ताई, आधी राजीनाम्याचं. देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको, ‘घरगुती कारणाने’ असं लिहिलेल्या कागदावर तर अजिबात नको, कारण एकदा ते कागदावर आलं की पुढे प्रत्येक तारखेला समोरचा वकील तोच कागद वर काढणार.

आता क्लेमचं. तुमची घटना मे २०२५ ची, म्हणजे तुम्हाला जुना कायदा लागतो, कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३. (सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हा कायदा तिच्यात गेला, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे.) ड्रायव्हर या कायद्यात येतो, कंत्राटी असला तरी येतो, आणि कलम १२ प्रमाणे ज्याचं काम कंत्राटदार करतोय त्या मूळ मालकालाही पार्टी करता येतं. त्यामुळे ‘आम्ही नाही, कंत्राटदाराला विचारा’ हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही.

सुपरवायझरला वाटतंय की जखम म्हणजे रक्त. कायद्यात शब्द आहेत ते असे की नोकरीतून उद्भवलेल्या आणि नोकरी चालू असताना झालेल्या अपघातामुळे व्यक्तीला झालेली इजा. ती शरीरालाच झालेली पाहिजे असं तिथे लिहिलेलं नाही. ही शब्दरचना आपण इंग्लंडच्या कायद्यातून उचललेली आहे, आणि तिथे १९१० सालीच कोळशाच्या खाणीतल्या एका कामगाराची केस झाली होती. शेजारी काम करणाऱ्याच्या अंगावर लाकूड पडलं, हा धावत मदतीला गेला, त्याला उचललं, तो माणूस वाचला नाही आणि ह्याच्या मनाने असा धक्का घेतला की पुन्हा काम होईना. ह्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. तरी कोर्टाने त्याला अपघाताने झालेली इजाच मानली. परदेशातला निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो हे खरं, पण तो दाखवून युक्तिवाद करता येतो, आणि तुमच्या मिस्टरांची हकिगत त्या खाणवाल्यापेक्षा वेगळी नाही.

पण इथेच एक खड्डा आहे आणि त्यात मी बऱ्याच केसेस पडताना बघितल्यात. लोक अर्ज लिहितात तो असा, ‘गेली बारा वर्षं सतत अपघात बघून बघून मनावर ताण आला’. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते अगदी खरं असतं, पण कायद्याच्या दृष्टीने ते अपघातात बसत नाही, ते आजारात जातं, आणि आजारासाठी त्या कायद्याला तिसरी अनुसूची आहे. तिच्यात शिसं, पारा, सिलिकोसिस, कामाच्या आवाजाने आलेला बहिरेपणा असं सगळं आहे, मनाचा एकही आजार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली आपल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत पीटीएसडी (भयंकर प्रसंगाच्या धक्क्याने मनाला जडणारा आजार) घातला, आपण नवी संहिता करतानाही तो घेतला नाही. मला हे पटत नाही, कारण पायलटच्या डोक्यात एक जीप नसते, आधीच्या सगळ्या गाड्या असतात. पण आज क्लेम लावायचा तर आजच्या कायद्यात बसेल असाच लिहायला लागतो. म्हणून अर्जात तारीख, वेळ, जागा, कॉल नंबर, कुणाला बाहेर काढलं, गाडी कुणी धुतली, एवढंच लिहायचं. बारा वर्षांचा अनुभव लिहिलात तरी शेवटी एका ओळीत.

गाडी धुतल्याची गोष्ट तुम्ही बोलता बोलता लिहिलीत, पण ती महत्त्वाची आहे. पीटीएसडीचं निदान ज्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) च्या निकषांवर होतं त्यात २०१३ पासून स्पष्ट म्हटलंय की स्वतः अपघातात असायची गरज नाही, मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या किंवा कामाचा भाग म्हणून अशा गोष्टी वारंवार समोर येणाऱ्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. डॉक्टरांना हे सांगा. आपली माणसं ओपीडीत जाऊन ‘झोप येत नाही’ एवढंच बोलतात, डॉक्टर झोपेची गोळी लिहितात, केस पेपरवर ‘निद्रानाश’ येतं आणि तो कागद क्लेमला शून्य उपयोगाचा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो तिथे जा, मिस्टरांसोबत तुम्ही आत बसा, आणि अमुक तारखेच्या अपघातानंतर हे सगळं सुरू झालं हे वाक्य केस पेपरवर डॉक्टरांच्या हाताने येईल असं बघा. लक्षणं महिन्याच्या वर टिकली की मगच पीटीएसडी म्हणतात, तुमच्याकडे तो काळ कधीच उलटून गेलाय. दवाखान्यात जायला ते तयारच नसतील तर निदान १४४१६ ला फोन लावून द्या, टेलिमानसची ही लाइन सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मग मालकाला लेखी नोटीस, रजिस्टर एडीने, आणि व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवा. त्या दिवसाचं लॉगबुक, ट्रिप शीट, हजेरी यांच्या प्रती मागा, पोलिसांकडून एफआयआरची प्रत घ्या. क्लेम अपघातापासून दोन वर्षांत भरपाई आयुक्तांकडे लावायचा, म्हणजे मे २०२७ पर्यंत (बहुतेक ठिकाणी हे काम लेबर कोर्टाचे न्यायाधीशच बघतात). उशीर झाला तर योग्य कारण देऊन माफ करून घेता येतो पण त्या भरवशावर राहू नका.

पैशाचं सांगते, पण आधीच सांगून ठेवते की आकडा ऐकून राग येईल. पगार कितीही जास्त असला तरी हिशोबाला महिना १५,००० च धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० ची आहे. तात्पुरतं काम बंद असेल तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ३,७५०, जास्तीत जास्त पाच वर्षं. डॉक्टर म्हणाले की कमाईची ताकद कायमची कमी झाली तर १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला कायद्याच्या तक्त्यातला वय ४० चा गुणक १८४.१७, झाले १६,५७,५३०, आणि डॉक्टर जेवढे टक्के लिहितील तेवढा त्यातला हिस्सा. ३० टक्के लिहिले तर ४,९७,२५९. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, त्यामुळे मेडिकलच्या दुकानातलं साधं बिलही टाकू नका. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवले असतील तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

अजून एक, २०१७ पासून मालकाने नोकरीला घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यावी लागते, नाही दिली तर ५० हजार ते १ लाख दंड आहे. तुमच्या नोटीसमध्ये शेवटी हे विचारा की ती माहिती कधी दिली होती. या एका प्रश्नाने सुपरवायझरची भाषा बदलते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ खाजगी कंपनीच्या फायर टीममध्ये होता. गोदामाच्या आगीवर रात्रभर होता, सकाळी तिथेच छातीत दुखायला लागलं आणि गेला. कंपनी म्हणते हार्ट अटॅक म्हणजे आजार, अपघात नाही.

उत्तर : दादा, कंपनीचं म्हणणं अर्धवट आहे. हार्ट अटॅक आला एवढ्याने भरपाई मिळत नाही आणि हार्ट अटॅक आहे एवढ्याने ती नाकारताही येत नाही. कामाच्या ताणाने किंवा श्रमाने तो आला का, हे बघतात. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीवरच्या एका क्लीनरच्या घरच्यांना नाही म्हटलं, कारण कामाचा असा काही ताण होता हे पुराव्यात आलंच नव्हतं. २०१२ मध्ये त्याच कोर्टाने दिल्लीहून हजारभर किलोमीटर ट्रक चालवत आलेल्या आणि वाटेत कोसळून गेलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना हो म्हटलं. दोन्हीत फरक पुराव्याचा. तुमच्याकडे रात्रभराची आग आहे, किती वाजता टीम गेली, किती तास पाणी मारलं, अंगावर किती किलोचं किट होतं, बदली मिळाली का, पाणी प्यायला तरी उसंत मिळाली का, हे सोबतच्या दोघातिघांकडून आत्ताच लिहून घ्या, सहा महिन्यांनी कोणी बोलणार नाही कारण त्यांनाही तिथेच नोकरी करायची आहे. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हा मदतीला निघालेले नवी मुंबई फायर ब्रिगेडचे एक अधिकारी डोंगर चढतानाच हार्ट अटॅकने गेले, तो चढ कामाचा भाग नव्हता असं कुणी म्हणेल का. मृत्यूच्या केसमध्ये ६० च्या जागी ५० टक्के धरतात, बाकी हिशोब वरच्यासारखाच. तुमच्या वहिनींच्या आणि मुलांच्या नावाने अर्ज लावा.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, आता कॅनडात ब्रॅम्प्टनला पॅरामेडिक आहे. एका कॉलनंतर सायकॉलॉजिस्टने पीटीएसडी सांगितलं. इथला कायदा चांगला आहे असं सहकारी म्हणतात पण क्लेम केला की पुढे नोकरीत त्रास होईल अशी भीती वाटते, आणि आईला तर अजून सांगितलंच नाहीये.

उत्तर : आईला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, क्लेम मात्र थांबवू नका. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात एप्रिल २०१६ मध्ये जो कायदा झाला त्याने नेमकी तीच गोष्ट उलटी केली जिच्यासाठी वरच्या ताईंना एवढी धावपळ करायला लागतेय. पॅरामेडिक, फायरफायटर, पोलीस, तुरुंगातले कर्मचारी, कॉल घेणारे डिस्पॅचर यांना पीटीएसडीचं निदान झालं की तो कामामुळेच झाला असं आधी गृहीत धरतात. नाही म्हणायचं असेल तर ते समोरच्याने सिद्ध करायचं. अल्बर्टा प्रांताने हे २०१२ मध्येच केलं होतं, आणि ऑन्टारियोने २०१८ मध्ये नर्सेसनाही त्यात घेतलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. निदान सायकियाट्रिस्टचं किंवा सायकॉलॉजिस्टचंच लागतं, फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर ही सवलत मिळत नाही, तुमचं ते झालंय. आणि बदली केली, मेमो दिला, शिफ्ट बदलली, अशा मालकाच्या निर्णयांमुळे त्रास झाला असेल तर तो यात धरत नाहीत, म्हणून फॉर्म भरताना सुपरवायझरवरचा राग त्यात मिसळू नका, कॉलबद्दलच लिहा. डब्ल्यूएसआयबीचा (तिथलं कामगार विमा मंडळ) फॉर्म ६ तुमचा, ७ मालकाचा, ८ डॉक्टरचा. मुदत सहा महिने. मंजूर झालं की बुडालेल्या निव्वळ कमाईच्या ८५ टक्के आणि उपचार. भीतीचं म्हणाल तर युनियनच्या प्रतिनिधीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, तिथे ती सोय आहे, इथल्या कंत्राटी पोरांना तीही नाही.

प्रश्न : मी इमर्जन्सी कंट्रोल रूमला कॉल घेते, एजन्सीमार्फत, पगार १८,५००. एक बाई फोनवर बोलता बोलता गेली आणि लाइन चालूच होती. मी तर काही बघितलंच नाही, मग मला काय मागता येणार?

उत्तर : ऐकणं पुरतं. तुमच्या स्लिपवर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के कापले जातात का ते आधी बघा. २१,००० च्या आत पगार आहे म्हणजे बहुधा कापत असतील, आणि ईएसआय असेल तर नोकरीतल्या इजेचा क्लेमही तिथेच करायचा, १९२३ च्या कायद्याखाली वेगळा करता येत नाही. इजेच्या क्लेमचा लढा लांबेल, म्हणून आत्ताचं सांगते. ईएसआयच्या डॉक्टरने रजा लिहिली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. लांबच्या आजारांच्या ३४ नावांची एक यादी आहे, त्यांना जास्त दिवस आणि ८० टक्के मिळतात, त्यात स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार आहेत पण पीटीएसडी या नावाने नाही. आणि जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे हा आजारपणाचा लाभ चालू असेपर्यंत एजन्सी कामगाराला काढू शकत नव्हती, तो कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहितेत गेलाय, म्हणून आजचं कलम विचारून घ्या. एचआरला हे कलम माहीत नसतं असं समजून चाला. त्या कॉलचा आयडी आणि वेळ आजच कुठेतरी लिहून ठेवा, रेकॉर्डिंग कायम ठेवत नाहीत.

प्रश्न : महापालिकेच्या अग्निशमन दलात १७ वर्षं फायरमन आहे, परमनंट. इमारत कोसळल्याच्या वर्दीवर सलग दोन रात्री ढिगाऱ्यात होतो. आता वर्दीची घंटा झाली की दरदरून घाम फुटतो. मनोविकार तज्ज्ञांनी पीटीएसडी लिहून दिलंय. स्टेशन ऑफिसर चांगले आहेत, पण मुख्यालयातून निरोप आलाय की अनफिट आहात तर व्हीआरएस घ्या.

उत्तर : भाऊ, तोंडी निरोपाला तोंडीच विसरून जा आणि त्यांना लेखी द्यायला सांगा. बघा देतात का.

तुमचं हत्यार नुकसानभरपाईच्या कायद्यात नाही, दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये आहे. सरकारी आस्थापनेतल्या माणसाला, आणि महापालिका त्यात येते, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर जादा पद तयार करून निवृत्तीपर्यंत ठेवायचं. मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये तर असं म्हटलं की मानसिक आजारामुळे झालेल्या वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हा भेदभाव ठरू शकतो, आणि निमलष्करी दलातल्या लढाऊ जवानांना केंद्राने कलम २० मधून सूट दिलेली असताना कोर्टाने हे म्हटलं. तुम्ही लढाऊ दलात नाही, पालिकेत आहात.

त्यासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बरेच जण इथेच थांबतात, स्टेशनवर चेष्टा होते हे मलाही माहितीये, पण हा कागद नसेल तर मुख्यालयाला तुम्ही नुसते अनफिट दिसणार आणि कागद असला की कलम २० चे हक्कदार. कंट्रोल रूममध्ये मात्र बदली मागू नका, घंटा तिथेही आहे. फायर एनओसीची तपासणी, स्टोअर, शाळांमधली प्रात्यक्षिकं, ट्रेनिंग, असं काम नावानिशी मागा, म्हणजे ‘योग्य पद नाही’ असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही.

पत्र लांबलचक नको. एवढं पुरे : ‘दिनांक अमुकच्या वर्दीवर कर्तव्य बजावल्यानंतर मला सोबत जोडलेल्या प्रमाणपत्रात नमूद आजार झाला आहे. मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २० (४) नुसार मला त्याच वेतनश्रेणीत पुढीलपैकी योग्य काम द्यावे. सदर दिनांकाच्या वर्दी नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी.’ खाली सही, बिल्ला नंबर, आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.